डॅग्नी टॅगर्टची कबुली : एका रेडिओ भाषणाचा प्रकरण अभ्यास

आयन रँडच्या ‘ॲटलस श्रग्ड’ या कादंबरीतला प्रसंग असा आहे. लिलियन रिअर्डन रेल्वे चालवणाऱ्या डॅग्नी टॅगर्टला भेटायला येते. सरकारच्या नव्या हुकुमाबद्दल लोकांच्या मनात धास्ती आहे, तेव्हा डॅग्नीने त्या रात्री रेडिओवर जाऊन चार धीराचे शब्द बोलावेत, एवढंच मागणं. नाही बोलली, तर लिलियनच्या नवऱ्याशी, हँक रिअर्डनशी असलेले तिचे संबंध जगजाहीर होतील. निरोप सांगून झाल्यावर लिलियनला राहवत नाही. ती आणखी एक गोष्ट बोलून जाते. याच भानगडीचा धाक दाखवून आपल्या नवऱ्याकडून त्याने तयार केलेल्या नव्या धातूचे हक्क सरकारने लिहून घेतले होते आणि सरकारपर्यंत ती बातमी गेली ती आपल्यामुळेच.

डॅग्नीला हे त्या क्षणापर्यंत ठाऊक नसतं. ती रेडिओवर जायला तयार होते. लिलियन खुशीत परतते.

रात्री मायक्रोफोनसमोर डॅग्नी सांगते की दोन वर्षं मी हँक रिअर्डनची प्रेयसी होते. ती हे पश्चात्तापाच्या सुरात सांगत नाही, अभिमानाने सांगते. पुढे हेही सांगते की रिअर्डनने आपला धातू देशाला स्वखुशीने दिलेला नाही, हीच गोष्ट उघड करण्याची धमकी देऊन त्याची सही घेतली गेली. तेवढ्यात प्रक्षेपण तोडलं जातं.

कादंबरी १९५७ सालची, पानं अकराशेच्या वर. लेखिका १९०५ साली सेंट पीटर्सबर्गमध्ये जन्मलेली, क्रांतीनंतरच्या रशियात शिकलेली आणि १९२६ साली अमेरिकेत आलेली. माणूस स्वतःसाठी जगतो, दुसऱ्यासाठी बळी जाणं हे पुण्य नव्हे आणि दुसऱ्याला बळी द्यायला लावणं तर नव्हेच, हा तिच्या व्यक्तिवादाचा गाभा.

रँड आणि स्त्रीवाद असा विषय निघाला की लोक तिच्या १९४३ च्या ‘द फाउंटनहेड’ या कादंबरीतला नायिका डॉमिनिक आणि नायक रोआर्कचा प्रसंग काढतात. तो बलात्कार होता की नव्हता, यावर पिढ्या भांडल्या आहेत. स्त्रीवादी लेखिका सुझन ब्राउनमिलरने १९७५ साली बलात्कारावर लिहिलेल्या पुस्तकात रँडला याच प्रसंगावरून झोडपलं. ती टीका मला पटते. पण चर्चा तिथून सुरू झाली की तिथेच संपते, कारण त्या प्रसंगात बाईला स्वतःचं असं फारसं काही बोलायचंच नाही. रेडिओवरच्या प्रसंगात बाई बोलते आणि तेही साऱ्या देशासमोर. व्यक्तिवादी कादंबरीने बाईला काय दिलं आणि काय द्यायचं राहिलं, हे बघायला मी म्हणून हे प्रकरण घेतो.

सही कोणासाठी

आधी त्या सहीकडे बघू. मी ही कादंबरी पहिल्यांदा विशीत वाचली तेव्हा रिअर्डनची सही मला त्यागाची वाटली आणि डोळे भरून आले. कित्येक वर्षांनी पुन्हा वाचताना वेगळंच खटकलं. त्याने डॅग्नीला विचारलंच नाही.

दहा वर्षं खपून तयार केलेला धातू. निळसर हिरवा, पोलादापेक्षा हलका नि मजबूत. सरकारी माणूस त्याच्यासमोर हॉटेलच्या नोंदवहीच्या छायाप्रती ठेवतो आणि देणगीपत्रावर सही मागतो. रिअर्डन स्वतःशी झगडतो आणि त्याला उमगतं की चूक आपलीच झाली. शरीराची ओढ म्हणजे अधःपात, हे जगाचं म्हणणं आपण खरं मानलं, म्हणून तर हे हत्यार या लोकांच्या हाती लागलं. आपल्या चुकीची किंमत डॅग्नीने मोजू नये, म्हणून तो सही करतो. त्याच्या नावाचा धातू मग सरकारी भाषेत ‘चमत्कारी धातू’ होतो.

उमगलं ते बरोबर, पण केलं ते अर्धंच. अब्रू डॅग्नीची. ती वाचवायची की नाही, कितीला वाचवायची, हे ठरवलं मात्र त्याने. बाईची अब्रू पुरुषाच्या तिजोरीतला ऐवज असतो आणि तो राखणं त्याचं कर्तव्य असतं, या समजुतीवर सगळं ब्लॅकमेल चालतं. ब्लॅकमेल करणाऱ्याला डॅग्नीकडे जावंच लागलं नाही. जिचं नाव पणाला लागलं तिला वगळून, ते नाव राखू पाहणाऱ्या पुरुषाशी त्याचा सौदा झाला. रिअर्डन कादंबरीतला सर्वांत सरळ माणूस आहे, त्याचं प्रेमही खरं आहे. तरी या एका सहीपुरता तो परंपरेचाच माणूस ठरतो.

म्हणून डॅग्नीचं भाषण मला नुसतं धाडस वाटत नाही, हिशेबाची दुरुस्ती वाटते. नाव माझं आहे, ते उघड करायचं की नाही हे मी ठरवते, आणि मीच उघड केलं तर तुमच्या हातात विकायला काही उरत नाही. व्यक्तिवादाचा बाईला होणारा सर्वांत रोकडा फायदा इथे दिसतो. लाज ही बाहेरून लादलेली वस्तू आहे आणि जिच्यावर ती लादायची तिने घेतलीच नाही, तर ती लादणाऱ्याच्याच हातात राहते. हे सिद्ध करायला रँडला कुठलीही चळवळ, संघटना किंवा कायदा लागत नाही. एक बाई आणि एक मायक्रोफोन पुरतो.

पुरतो, असं कादंबरी म्हणते. या ‘पुरतो’कडे मी पुढे येतोच.

नऊ वर्षांची मुलगी

मायक्रोफोनसमोर डॅग्नी डळमळत नाही, याचं मूळ तिच्या लहानपणात आहे. नवव्या वर्षी तिने ठरवलेलं असतं की मोठेपणी टॅगर्ट ट्रान्सकॉन्टिनेंटल ही रेल्वे आपण चालवायची. पंधराव्या वर्षी पहिल्यांदा तिच्या डोक्यात येतं की बायका रेल्वे चालवत नाहीत आणि कदाचित लोक हरकत घेतील. गेले खड्ड्यात, असं मनाशी म्हणून ती तो विषय कायमचा सोडून देते. सोळाव्या वर्षी आडबाजूच्या एका छोट्या स्टेशनावर रात्रपाळीची ऑपरेटर म्हणून लागते. कादंबरी सुरू होते तेव्हा ती वाहतूक विभागाची उपाध्यक्ष आहे आणि तिचा भाऊ जेम्स अध्यक्ष. अध्यक्षाचं मुख्य काम म्हणजे जबाबदारी टाळणं.

ते ‘गेले खड्ड्यात’ मला अजूनही आवडतं. १९५७ च्या अमेरिकी कादंबरीत नायिकेने रेल्वे चालवावी आणि त्याबद्दल तिने एकदाही कोणाची समजूत काढू नये, ही गोष्ट साधी नव्हे. लग्न की करिअर, हा प्रश्न तिला पडत नाही. मुलंबाळं नाहीत याची खंत लेखिका तिच्या तोंडी घालत नाही. शेवटी तिला घरात बसवून शहाणं करण्याचा मोहही टाळते. काम हेच तिचं व्यक्तिमत्त्व आहे आणि सुखही. कोलोरॅडोतल्या नव्या मार्गावरून रिअर्डनच्या धातूच्या रुळांवर पहिली गाडी धावते तेव्हा ती इंजिनात ड्रायव्हरजवळ उभी असते. त्या पानांत जी मस्ती आहे ती मला दुसऱ्या कुठल्या नायिकेच्या वाट्याला आलेली आठवत नाही.

त्याच रात्री डॅग्नी आणि रिअर्डन एकत्र येतात. सकाळी रिअर्डन तिला सुनावतो की मला तुझा तिरस्कार वाटतो, त्याहून जास्त माझा, आपण जनावरांच्या पातळीला उतरलो. डॅग्नी हसते. मनापासून, मोकळं हसते. ती त्याला सांगते की तुला जी पातळी सर्वांत खालची वाटते तीच मला हवी आहे, आणि आयुष्यातली सर्वांत अभिमानाची कमाई कोणती असं कोणी विचारलं तर मी याच रात्रीचं नाव घेईन. रेडिओवरचं भाषण त्या सकाळी तयार झालेलं होतं. पुढे फक्त श्रोते वाढले.

साखळी

पण ही कादंबरी इतकी सरळ नाही. एका पार्टीचा प्रसंग आहे, रिअर्डनच्या लग्नाच्या वाढदिवसाचा. नव्या धातूच्या पहिल्या ओतणीतून त्याने बायकोसाठी साखळीचं ब्रेसलेट बनवलेलं असतं. ते हातात पडलं तेव्हाच लिलियनने थट्टा केलेली असते की हीच ती साखळी, जिने हा माणूस आम्हा सगळ्यांना जखडून ठेवतो. पार्टीत ती ते घालून पाहुण्यांत मिरवते. हिऱ्याच्या ब्रेसलेटशी आपण याची अदलाबदल सहज करू, असंही ती म्हणते. डॅग्नी तिथल्या तिथे आपलं हिऱ्याचं ब्रेसलेट काढून देते आणि धातूची साखळी मनगटात घालते.

सौदा सुरेख आहे. एकीला दागिना कळतो, दुसरीला घडवणाऱ्याचं काम. पण याच पार्टीत डॅग्नी आत येते तेव्हाचं वर्णन बघा. काळा पोशाख, एक खांदा उघडा, उघड्या हातावर ते हिऱ्यांचं ब्रेसलेट, आणि निवेदिका म्हणते की त्यामुळे तिला सर्वांत स्त्रीसुलभ असं रूप आलं, साखळीने जखडल्याचं. हे वाक्य लिलियनचं नाही, कुठल्या खलपात्राचं नाही, लेखिकेचं आहे. लिलियनची थट्टा आणि लेखिकेची सौंदर्यदृष्टी एकाच प्रतिमेवर येऊन थांबतात. फरक इतकाच की लिलियनला ती साखळी काचते आणि लेखिकेला मोहक वाटते.

रँडच्या सगळ्या स्त्रीविचारातली गाठ मला या वाक्यात दिसते. काम, पैसा, मत, लैंगिकता या सगळ्यांत बाई पुरुषाच्या बरोबरीची. प्रेमात मात्र ती वर बघणार. आणि ‘वर’ म्हणजे नुसतं तिच्याहून गुणी माणसाकडे नव्हे, पुरुषाकडे, पुरुष म्हणून.

लेखिकेने हे पुढे उघडपणे मांडलं. १९६४ च्या एका गाजलेल्या मुलाखतीत तिने ठणकावून सांगितलं होतं की बायकाही माणसंच आहेत, जे पुरुषाला योग्य ते बाईलाही योग्य, खास बायकांचं असं कुठलंही काम नसतं. चारच वर्षांनी, १९६८ साली, राष्ट्राध्यक्षपदी बाई असावी का या प्रश्नावर तिने लेख लिहिला. तिचं उत्तर होतं की समंजस बाई ते पद मागणारच नाही. बुद्धी कमी असते म्हणून नव्हे. स्त्रीत्वाचं सार म्हणजे पुरुषाकडे वीर म्हणून पाहणं, आणि सर्वोच्च पदावरच्या बाईला वर बघायला कोणी उरत नाही, हे तिचं कारण.

रेल्वे चालवेल पण देश नाही. रेल्वेतही अध्यक्षपद भावाकडेच, हे आता लक्षात घ्या. काम सगळं डॅग्नीचं, खुर्ची जेम्सची. कादंबरी ही जेम्सची नालायकी म्हणून रंगवते आणि ते खरंच आहे. पण डॅग्नी ती खुर्ची एकदाही मागत नाही, हे मला १९६८ चा लेख वाचेपर्यंत कधी टोचलं नव्हतं.

महिनाभराची स्वयंपाकीण

रेडिओच्या प्रसंगाच्या थोडं आधी डॅग्नी महिनाभर एका दडलेल्या खोऱ्यात राहून आलेली असते. कर्तबगार माणसं संपावर जाऊन तिथे राहतात. तिथे फुकट काही मिळत नाही, ‘देणे’ हा शब्दच बंद. बाहेरचे पैसे चालत नाहीत. या संपाचा म्होरक्या जॉन गाल्ट, त्याच्या घरी राहण्याजेवण्याचा खर्च भागवायचा कसा, तर डॅग्नी स्वतःच सुचवते की मी तुझी स्वयंपाकीण आणि मोलकरीण म्हणून राहते, पगार दे. तो देतो, सोन्याच्या नाण्यात.

इथे बरेच स्त्रीवादी वाचक पुस्तक मिटतात. देशभर रेल्वे चालवणारी बाई आणि हातात झारा! मीही वैतागलो होतो. पण थोडं थांबून बघितलं तर प्रकरण गमतीदार आहे. घरकाम इथे प्रेमाचं कर्तव्य म्हणून येत नाही, त्याला दर आहे, करार आहे, नाणं आहे. घरकामाला वेतन द्या ही मागणी घेऊन १९७२ साली इटलीत पदुआ इथे काही जणी एकत्र आल्या आणि तिथून मोठी मोहीम उभी राहिली. त्या डाव्या विचारांच्या होत्या, रँडशी त्यांचं दोन मिनिटं जमलं नसतं. पण बायकांचे कष्ट ‘माया’ या खात्यात घालून फुकटात उचलले जातात, ही फसवणूक दोघींनाही दिसली होती.

तरी माझी तक्रार मिटत नाही. खोऱ्यात एक आई आहे, तिने मुलं वाढवणं हा व्यवसाय म्हणून निवडलाय, तिला लेखिका मान देते, ठीक. पण याच महिन्यात गाल्टला डॅग्नीसाठी काही शिजवण्यात सुख सापडल्याचं दिसत नाही. सुख एकाच बाजूने वाहतं. कराराने मजुरीचा प्रश्न सुटला. कोण कोणाची सेवा करण्यात धन्यता मानतं, त्याला करार हात लावत नाही.

चेरिल

आता ते ‘पुरतो’.

कादंबरीत चेरिल नावाची मुलगी आहे. गरिबीतून स्वतःच्या हिमतीवर बाहेर पडलेली, दुकानात काम करणारी. जेम्स टॅगर्ट तिला भेटतो तेव्हा तिला वाटतं की नवी रेल्वे उभारणारा तो हाच वीर. ती त्याच्याशी लग्न करते. लग्नाच्या दिवशी डॅग्नीसमोर ताठ उभी राहून सांगते की आता या घरातली बाई मी आहे. डॅग्नी शांतपणे म्हणते, चालेल, पुरुष मी आहे.

वाचताना टाळी जाते. नंतर विचार करा. डॅग्नीला स्वतःचं मोठेपण सांगायला त्या क्षणी ‘पुरुष’ हाच शब्द सापडतो, आणि समोरची बाई नामोहरम होते. विनोद जिंकतो, पण ‘बाई’ या शब्दाची किंमत होती तिथेच राहते.

चेरिल पुढे चौकशी करते, माहिती गोळा करते आणि तिला कळतं की सगळं कर्तृत्व डॅग्नीचं होतं. ती डॅग्नीकडे जाऊन माफी मागते. हा प्रसंग मला अख्ख्या कादंबरीत सर्वांत हळवा वाटतो. दोघींत बहिणीचं नातं जुळतं, जेम्समुळे नाही, आपापल्या निवडीने. व्यक्तिवादी भगिनीभाव असा काही प्रकार असू शकतो, याचा हा एकमेव पुरावा रँडने दिला आहे. आणि त्यानंतर त्याच रात्री चेरिल जीव देते.

डॅग्नीकडे आणि चेरिलकडे सारखीच बुद्धी, सारखाच प्रामाणिकपणा. डॅग्नीकडे आणखी काय होतं? आडनाव. रात्रपाळीपासून सुरुवात केली हे खरं, पण त्या रुळांवर तिच्या पूर्वजांचं नाव होतं. रेडिओवर उभं राहून ‘होय, मी त्याची प्रेयसी होते’ म्हणणाऱ्या बाईला दुसऱ्या दिवशी कामावरून काढता येत नाही, कारण तिच्यावाचून गाड्या बंद पडतील. हेच वाक्य चेरिलने दुकानाच्या काउंटरमागून उच्चारलं असतं तर?

कादंबरी आली त्या साली अमेरिकेत बाईला ती बाई आहे म्हणून नोकरी नाकारणं कायद्याने सर्रास चालत होतं. नोकरीतल्या भेदभावाला देशभर बंदी आली ती १९६४ च्या नागरी हक्क कायद्याने. कर्ज देताना बाई म्हणून भेदभाव करायला मनाई झाली ती १९७४ साली. खाजगी मालकाने कोणाला ठेवावं हे सरकारने सांगू नये, या मताची रँड होती. वंशभेदाला तिने अडाणीपणा म्हटलं, तरी त्यावरच्या कायद्यातला खाजगी मालमत्तेला हात घालणारा भाग तिला मान्य नव्हता. म्हणजे डॅग्नी होऊ पाहणाऱ्या हजारो चेरिलींना दार ज्या किल्लीने उघडलं, ती किल्ली डॅग्नीच्या निर्मातीने नाकारली असती. उलट बाजूही सांगायला हवी. गर्भपात हा बाईचा हक्क आहे आणि त्यात दुसऱ्या कोणाचा शब्द चालणार नाही, हे ती कुठलीही सवलत न मागता बोलत राहिली. स्वतःच्या देहावरची मालकी या बाबतीत तिचा व्यक्तिवाद कच खात नाही.

अभ्यासकांत या साऱ्यावर एकमत नाहीच. १९९९ साली मिमी ग्लॅडस्टाइन आणि ख्रिस सियाबारा यांनी रँडच्या स्त्रीवादी वाचनांचा एक जाडजूड संग्रह संपादित केला, त्यात तिला डोक्यावर घेणारे आणि धुऊन काढणारे एकाच मांडवात बसले आहेत. ग्लॅडस्टाइनबाई तर १९७८ पासूनच सांगत होत्या की डॅग्नीला वर्गात शिकवा, कारण जिंकणारी आणि जिवंत राहणारी नायिका मुलींच्या वाचनात येते कुठे?

होते

एक भाषेची गंमत मला हे प्रकरण मराठीत विचारात घेताना सापडली. नऊ वर्षांची डॅग्नी म्हणते, ‘मी रेल्वे चालवीन’. या वाक्यात ती मुलगी आहे की मुलगा, कळत नाही. आपला भविष्यकाळ लिंग विचारत नाही. ‘मी चालवते’ म्हणाली की लगेच कळतं. इंग्रजीत लिहिणाऱ्या रँडला ‘मी’ कायम बिनलिंगी मिळाला, आणि तिच्या व्यक्तिवादाला तो फार सोयीचा पडला. मराठी डॅग्नीला तोंड उघडल्यावर बऱ्याच क्रियापदांत बाई असावं लागलं असतं.

रेडिओवरच्या कबुलीतही एक काळ आहे. भाषणानंतर डॅग्नी आणि रिअर्डन भेटतात. तो तिच्यावर हक्क सांगत नाही, रडतभेकत नाही. देशभर लोकांनी त्या भाषणातून भानगड ऐकली. त्याने मात्र क्रियापद ऐकलेलं असतं. डॅग्नी सगळं भूतकाळात बोलली होती. खोऱ्यातल्या त्या महिन्यानंतर तिचं मन गाल्टकडे गेलेलं आहे, हे तिने सांगण्याआधीच त्याला कळलेलं असतं.

म्हणजे जे नातं जगासमोर तिने अभिमानाने मिरवलं, ते मिरवलं तेव्हा संपलेलं होतं. त्यातून तिला काही मिळायचं नव्हतं, राखायचंही नव्हतं. रिअर्डनने सही केली ती असलेलं वाचवायला. ती बोलली ते होऊन गेलेल्याचा हिशेब चोख ठेवायला. आणि त्या सहीबद्दल तिने त्याला एका शब्दानेही जाब विचारला नाही.